फुटपाथवरची शिकवणी

माझी धाकटी जाऊ मुलखाची हट्टी. इस्त्रीच्या दुकानात आम्ही दोघी राबायचो, पण दहा वाजले की ही बया हातातली इस्त्री उभी करून शाळेकडे पळायची. कपड्यांचा ढीग माझ्या गळ्यात! मी बोटं मोडायची, तोंड सोडायची. ती ऐकेल तर शपथ.

कारण तिची लेक. चार वर्षांची असताना तापात पोरीचे कान गेले, ते गेलेच. पण ओठ बघून तिला सगळं समजायचं, आणि बोलायची तर आमच्यापेक्षा चुरूचुरू. ती तिसरीत गेली आणि सरकारने शाळेत मास्क सक्तीचे केले. बाईंचं तोंड झाकलं गेलं, पोरीला काही म्हणता काही कळेना. "बाईंना पारदर्शक मास्क द्या हो," म्हणत जाऊ मुख्याध्यापकांच्या पाया पडली. ते म्हणाले, "नियमात कापडी लिहिलंय."

त्याच नियमाने वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या होत्या. तेवढं हिने बरोबर धरलं. पोरीला रस्त्याकडच्या खिडकीशी बसवलं आणि स्वतः बाहेर फुटपाथवर उभी राहिली. बाईंचं ऐकायचं आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी लेकीला सांगायचं. भागाकार, नद्या, कविता, सगळं. आणि स्वतः चौथी नापास!

मग दुसरा कायदा आला. शाळेपासून शंभर पावलांत कामाशिवाय कुणी रेंगाळायचं नाही. हवालदाराने तिला दोनदा हटकलं. तिसऱ्या वेळी ही झाडू घेऊन गेली, झाडल्याचं सोंग करत ओठ हलवत राहिली. त्या मेल्याने पोरीच्या डोळ्यांदेखत तिला गाडीत घातलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मी सोबत होते. न्यायाधीशांनी विचारलं, "तिथे तुमचं काय काम होतं?"

"लेकीला धडा सांगत होते, साहेब."

"त्यासाठी शिक्षिका आहेत ना?"

पुन्हा तिथे दिसलात तर सहा महिने आत, असं बजावून तिची सही घेतली.

संध्याकाळी जाऊने लेकीला समोर बसवून सावकाश सांगितलं, "उद्यापासून मी यायची नाही गं."

पोर तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको येऊस. मी बाईंकडे मधल्या रांगेत जागा मागितलीय. तिथून मला सगळं कळतं."

एवढं बोलून ती आमच्याकडे पाठ करून दप्तर भरायला बसली. तिला ऐकू येत नाही, म्हणून जाऊ मोठ्याने रडली.