खडूची रेघ

अणुवीज केंद्रातल्या स्विचगिअर खोलीत, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या पॅनेलांच्या खोलीत, आगीच्या धोक्याचा हिशेब करणारे आम्ही जमिनीवर खडूने रेघ मारत होतो. विजेच्या पॅनेलमध्ये आर्क होऊन, म्हणजे वीज हवेतून उडी मारून, भडका उडाला, तर आग जिथवर पोचेल, तिथवरची ही रेघ. तिच्या आतलं सगळं जळालं असं धरायचं आणि बाहेर काय उरतं ते बघायचं, ही आमची रीत.

रेघ ड्यूटीवरच्या साळवींच्या खुर्चीपाशी आली, तसे ते उठले आणि खुर्ची घेऊन बाजूला झाले.

"साहेब, मी आत येतो का हो?" त्यांनी हसत विचारलं.

"हिशेबात आम्ही केबल धरतो, यंत्रं धरतो. माणूस धरत नाही," मी म्हणालो. खरं तेच होतं.

या कामाने मला एक वाईट खोड लावली आहे. घरी जेवायला बसलो तरी मनातल्या मनात रेघ ओढली जाते, आणि बायको, मुलगी, तिचं दप्तर, सगळं आतच येतं. आग टाळणं आमच्या हातात नाहीच. काय जळणार ते आधी सांगून ठेवायचं, एवढंच.

त्या दिवशी खोलीतून निघताना मागे वळून पाहिलं. साळवींनी खुर्ची पुन्हा जागेवर, रेघेच्या आत, ठेवली होती. कंट्रोल रूमशी बोलायचा फोन तिथेच होता, आणि त्याची वायर रेघेबाहेर पोचत नव्हती.