जेठांच्या जांघेवर ठेवलेला गुडघा

आमच्या बमरोलीच्या घरात जेठांचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. जेठ म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, लूमच्या कारखान्यात कारागीर. भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर, आणि ताटामागून त्यांच्या बायकोची, माझ्या जेठाणीची वेणी त्यांच्या मुठीत. एकदा मी चुलीपाशी हसले, आवाज बाहेर गेला, तर उकळत्या चहाचं पातेलं माझ्या पायावर आलं. डाग अजून आहे.

मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आमच्या खानदेशात धाकट्या भावाची बायको जेठासमोर पदर पुढे ओढते, त्यांच्या खाटेवर बसत नाही, चुकून हात लागला तर अंघोळ करते. सुरतला येऊनही आमच्या घरात ते सुटलं नव्हतं. मला ते बरंच होतं. मला तशीही माणसांशी बोलायची भीती वाटते.

शेजारच्या गल्लीतल्या एका कारागिराला जेठांनी कारखान्यात सगळ्यांदेखत चपलेने मारलं होतं. दुसऱ्या दिवशी भरदुपारी तो आला. त्याचा भाऊ चलथाणकडे ऊस तोडायला जातो, त्याचा कोयता हातात होता. जेठ जेवून दारातल्या खाटेवर पडले होते. माझा नवरा पाळीवर गेला होता. आम्ही दोघी जावा आत साड्यांवर टिकल्या चिकटवत होतो.

"ऊठ. मार आता चप्पल."

जेठ हसले. "तुझ्या बापाला पाठव जा."

पहिला घाव खाटेच्या दांडीवर बसला. दुसरा मांडीत, जांघेच्या थोडा खाली. कोयता निघेना, तर त्याने जेठांच्या गुडघ्यावर पाय देऊन उपसला आणि पळाला.

रक्त वाहत नव्हतं, उडत होतं. भिंतीवर, जेठाणीच्या तोंडावर, साड्यांवर. जेठ खाटेवरून खाली पडले आणि टाचा घासत ओरडू लागले. दारात माणसं जमली. कोणी म्हणालं, "हळद भरा." कोणी म्हणालं, "रिक्षात घाला, ॲम्ब्युलन्स बोलावली तर पोलीस केस होईल, साक्षीला कोण जाणार?" आमच्या लोकांची हीच रीत. मागे एकाचा हात लूमच्या पट्ट्यात गेला, त्याला असाच रिक्षात घातला, आणि तो दवाखान्याच्या वाटेवर, उधना दरवाज्याच्या आधीच संपला. साक्षीचं नाव निघताच माणसं एकेक करून घरात गेली. कड्या लागल्याचा आवाज मी ऐकला.

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडे मुलगी होती, काय झालं विचारत होती. "बोलो बेन, शुं थयुं?" मला नुसतं "रक्त" एवढंच म्हणता आलं. पत्ता विचारला तर मी म्हणाले, "पाण्याच्या टाकीपाशी." बमरोलीत टाक्या का थोड्या आहेत! ती म्हणाली, मेसेज येईल, त्यातल्या निळ्या ओळीवर बोट ठेवा, पत्ता सांगू नका. माझं बोट रक्ताने ओलं, फोन ऐकेना. पदराला पुसून पुन्हा ठेवलं. "मिळालं बेन. घर दिसलं मला."

मग तिने जोडून दिलेल्या डॉक्टरचं तोंड फोनवर दिसू लागलं, आणि कोपऱ्यात पदर ओढलेली मी.

"तमारुं मोढुं नहीं बेन, घा बतावो! कॅमेरा फेरवो." तोंड नको, घाव दाखवा म्हणत होता; कसा ते मला कळेना, तर तो मराठीत म्हणाला, "मराठी का तुम्ही? फोन उलटा धरा ताई. हां. आता कापड घ्या, घावात कोंबा. बोटाने आत, अजून आत."

फोन खाटेला टेकवून मी अर्धी टिकल्या लावलेली साडी कोंबली. ती लगेच भिजली.

"गुडघा ठेवा. जांघेत, घावाच्या वर. अंगाचा सगळा भार द्या."

"ते जेठ आहेत माझे," मी म्हणाले.

तो म्हणाला, "ताई, थोड्या वेळाने ते तुमचे कोणीच नसतील."

मी जेठाणीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, नाकावरून रक्त ओघळत होतं, तिने पुसलंही नव्हतं. तिने फोनला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "सोडी दे, धाकली. जाऊ दे त्याले."

मी गुडघा ठेवला. जेठांनी किंकाळी फोडली, माझे केस धरले आणि तोंडावर ठोसा मारला. "सरक, रांडे!" माझा ओठ फाटला. "हलू नका," मी म्हणाले. मी त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

हळूहळू त्यांची मूठ सैल झाली. खाली माझ्या गुडघ्याला त्यांची नाडी लागत होती, उडणाऱ्या टोळासारखी. थोडा भार कमी केला असता तर कोणालाच कळलं नसतं. जेठाणी माझ्याकडेच बघत होती. गुडघा तिचंही ऐकत होता. पण फोनमधून तो माणूस बोलतच राहिला, "थांबलंय रक्त. काढू नका. गाडी तुमच्या वळणावर आहे, मला इथे दिसतेय. काढू नका ताई."

गाडीतल्या माणसांनी मांडीला दांडी पिळून आवळायचा पट्टा बांधला, तेव्हा कुठे मी उठले. वाटेत जेठांच्या छातीला लावलेलं यंत्र त्यांचे ठोके दवाखान्यात पाठवत होतं. तिथल्या दारात माणसं रक्ताची पिशवी घेऊन उभी होती.

जेठ वाचले. पाय वाचला, काठी आली. जेठाणी माझ्याशी बोलेना. पाणी भरायलाही वेगळी जायची.

एका सकाळी चहा गार झाला म्हणून जेठांनी काठी उचलली. पहिला फटका जेठाणीच्या कोपरावर बसला, हाडाचा आवाज झाला. ती ओरडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, त्या दुपारी बघितलं होतं तसंच.

मी पदर न ओढता गेले आणि काठी धरून उपसली. काठीशिवाय त्यांना उभं राहता येत नाही. ते धाडकन खाटेवर बसले, शिव्या देत राहिले. मी काठी दिली नाही. जेठाणीच्या हाताला फळकूट बांधलं आणि फोनमध्ये ॲम्ब्युलन्सचा तोच नंबर काढला.

"आता कोणासाठी बोलावतेस?" जेठाणी म्हणाली. इतक्या दिवसांनी.

"तुझ्यासाठी," मी म्हणाले. "तुला न्यायला."