हळदीची दुर्री

माणसाने दैवावर नव्हे, बुद्धीवर विसंबावं, हे माझं जुनं तत्त्व. काल ड्रॉवरमध्ये हळदीचा डाग पडलेली पत्त्यांतली दुर्री सापडली आणि इंग्लंडमधलं, ब्रॅकनेलचं भाड्याचं घर आठवलं. हीटर चालणारी खोली एकच होती. मोठं पान काढेल त्याची ती, असं सोबत राहणाऱ्या मित्राशी ठरलं. तेव्हा आम्ही जुगाराच्या चिनी कॉमेडी फार बघायचो. त्यांतला नायक तळहातांत पान चोळून त्याचा एक्का करायचा. मित्राने गुलाम काढला, मी दुर्री. जेवणाच्या उष्ट्या हातांनीच मी डोळे मिटून ती चोळू लागलो. “अरे, बुद्धिवादी ना तू?” “दोन मिनिटं गप्प बस.” त्याने पाच मिनिटं दिली. तो हिवाळा मी कानटोपी घालून झोपलो. काल ते पान पुन्हा चोळून पाहिलं. अजून दुर्रीच आहे.