चीनमध्ये फुसके किती निघाले

आमच्या तेरखेड्यात चार फटाकेवाले एकत्र बसले की पाचव्याची टिंगल ठरलेली. चीनला जाऊन आल्यापासून तो पाचवा मीच असतो. ट्रिप झाली सहा दिवसांची, पण किस्से अजून संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा निघतो, आणि गाढव प्रत्येकात मीच!

गेलो आम्ही तिघं. मी, शेजारच्या कारखान्याचे सुभाषअण्णा, वजन शंभराच्या वर, आणि तात्या. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. हा धंदा मला त्यांनीच शिकवला. न वाजता नुसता फुस्स करून विझणाऱ्या फटाक्याला आम्ही फुसका म्हणतो. तात्यांच्या हजाराच्या माळेत चारच्या वर फुसके निघाले तर त्यांना जेवण जात नाही. बाजारात कुणीतरी त्यांना ऐकवलं, "चीनच्या माळेत एकही फुसका निघत नसतो." ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

मी कागदाच्या नळ्या वळायचं मशीन बघायला चाललो होतो. तात्या म्हणाले, "मशीन तू बघ. मला तिथली एक माळ ऐकव. ह्या कानानं ऐकायचीय." कान एकच, उजवा. डावा धंद्यात गेला. मी छातीठोकपणे म्हणालो, "ऐकवतोच तात्या."

*

पहिला किस्सा विमानतळाचा. निघायच्या आधी मी दोघांना लेक्चर दिलं होतं. कारखान्यातला कपडा नको, चप्पल नको. तिथं चिंधीनं सगळं पुसून मशीनमध्ये घालतात, फटाक्याच्या दारूचा कण सापडला तरी घरी जायचं. दोघं डोक्यापासून पायापर्यंत नवे कपडे घालून आले. तात्यांनी तर चष्म्याची दोरीसुद्धा बदलली.

चिंधी तात्यांवरून फिरली, अण्णांवरून फिरली, आणि मशीन बोंबललं ते माझ्या पट्ट्यावर. मला वेगळ्या खोलीत नेलं. साहेबानं विचारलं, "धंदा काय?" मी "व्यापार" म्हणणार, तेवढ्यात तात्यांनी दारातून डोकं आत घातलं. "साहेब, फटाके बनवितो त्यो. आमी बी तेच करताव."

मग त्या खोलीत आम्ही तिघं होतो. लायसन्सचे कागद दाखवून सुटलो, पण पट्टा त्यांनी ठेवून घेतला. पुढचे सहा दिवस मी पँट हातानं धरून चीन बघितला.

*

मशीनवाल्यांनी मशीन दाखवलं, फटाका मात्र एकही वाजवला नाही. उरले दोनच दिवस. ते एजंटनं पॅकेजमध्ये घातलेल्या एका नदीकाठच्या गावाचे. गावाभोवती चुनखडीचे डोंगर, कडब्याच्या गंजी लावाव्यात तसे सुटे सुटे. मधून हिरवी नदी, आणि नदीत बांबूचे तराफे. फार सुंदर जागा, खोटं कशाला बोलू.

माझ्या फोनवर ॲप होतं. आपण मराठीत बोलायचं, ते चिनीत बोलतं. तराफेवाल्याला दाद द्यावी म्हणून मी म्हणालो, "लई भारी!"

फोन काहीतरी बोलला. तराफेवाल्यानं आमच्याकडं एकेकाकडं बघितलं. नजर अण्णांवर थांबली. त्यानं तराफा काठाला लावला, अण्णांना उतरवलं आणि मागच्या रिकाम्या तराफ्यावर एकट्याला बसवलं. रात्री जेवायलाही अण्णा वेगळ्या टेबलावर बसले.

*

दुसऱ्या दिवशी गुहा. आमची गाईड लिन नावाची मुलगी. रंगीत दिव्यांत ती दाखवत होती, हा सिंह, हा मासे धरणारा म्हातारा. तात्यांनी भिंतीला हात लावून बघितला. "लई ओल हाय. हितं दारू ठिवता येनार न्हाय."

मी लगेच ते ॲपला सांगितलं. लिन हसली, मान हलवली आणि आम्हाला शेजारच्या डोंगरातल्या गुहेत घेऊन गेली. आत ओळीनं मातीचे रांजण, आणि सगळे पिण्याच्या दारूनं भरलेले! तिकडं ती गुहेतच मुरवतात म्हणे. तिनं आमच्या हातात तीन छोटे कप दिले.

तात्यांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. "आरं, ह्या दारूचं म्हनत न्हवतो," म्हणाले आणि कप अण्णांकडं सरकवला. मीही सरकवला. अण्णांनी तिन्ही संपवले. तराफ्याचा राग तिथं गेला.

*

बाहेर आल्यावर लिननं विचारलं, "तुमच्याकडं आहेत का गुहा?" मी फुशारलो. "आहेत की! धाराशिवला लेणी आहेत. माणसांनी कोरलेली, फार जुनी."

"आत काय आहे?"

धाराशिवला मी लायसन्ससाठी इतक्या खेपा घातल्यात, लेण्यांकडं कधी फिरकलो नाही. मी तात्यांकडं बघितलं. तात्या म्हणाले, "मी बी न्हाय बगितली. तूच सांग, बगून आल्यागत बोलत हुतास."

*

माळेचं अजून जमलं नव्हतं. संध्याकाळी बाजारात मी एका दुकानदाराला फोनमधून सांगितलं, "आम्हाला माळ ऐकायची आहे." तो बिचारा गोंधळला. मग त्यानं मोत्यांची एक माळ काढली आणि तात्यांच्या उजव्या कानाशी खुळखुळवली.

तात्यांनी शांतपणे ऐकलं. "एक बी वाजला न्हाय. समदे फुसके."

*

परत निघायच्या दिवशी सकाळी आम्ही बसमध्ये चढत होतो आणि मागच्या गल्लीत कडकडाट सुरू झाला. लोकांनी कानांवर हात ठेवले. तात्यांनी टोपी काढली आणि निघाले. मी पँट धरून मागं पळालो.

एका नव्या खानावळीचं उद्घाटन होतं. रस्त्यावर लांबलचक लाल माळ वाजत होती. तात्या डोळे मिटून, उजवा कान पुढं करून उभे. फुसक्याला एक बोट दुमडायचं, ही त्यांची मोजायची पद्धत. माळ संपली, धूर आमच्या अंगावर आला, आणि तात्यांचा पंजा उघडा तो उघडाच होता.

मला फार वाईट वाटलं. शब्द पाळला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. मी म्हणालो, "तात्या, सहा-सात तरी फुसके होते. मी मोजले."

तात्या रस्त्यावर उकिडवे बसले आणि लाल कागदाचा ढीग हातानं चाळायला लागले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खानावळवाला झाडू घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. लिन बसकडून हाका मारत होती. बऱ्याच वेळानं तात्या उठले. हातात न वाजलेला एक फटाका होता. त्यांनी माझी पाण्याची बाटली मागितली, कारखान्यात टाकतो तसा तो फुसका पाण्यात टाकला, झाकण घट्ट लावलं आणि बाटली मला परत दिली.

"किती निगाले, तात्या?" मागून आलेल्या अण्णांनी विचारलं.

"दोन," तात्या म्हणाले. "एक त्या बाटलीत हाय. दुसरा पँट धरून हुबा हाय."