उतरलेला ताप

घरात थर्मामीटर आला की शहाणपण बाहेर पडते, असे मी डहाणूच्या नोकरदार कुटुंबांत पाहिले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी तेथील दवाखान्यात डॉक्टर होतो. ताप चढला की ही मंडळी रुग्णाला घेऊन धावत येत. उतरला की लगेच घरी नेऊन त्याच्या डोक्यावरून पाणी घालीत आणि मऊ भात वाढीत. त्या आंघोळीनंतर दगावलेले नशिबाच्या नावावर जमा होत. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना अडाणी म्हणणारी हीच मंडळी.

कचेरीतील एक कारकून गंजाडला जमिनीच्या मोजणीस गेले असता त्यांच्या पायाच्या बोटात काटा मोडला. त्यांनी त्यावर हळद-चुन्याचा लेप लावून दुखणे अंगावर काढले. पोटरीपर्यंत लाली चढली तेव्हा फणफणत्या तापात त्यांना आणले. मी पेनिसिलीन सुरू केले.

दुसऱ्या सकाळी त्यांचे थोरले बंधू आले. हे शाळेत मास्तर. थर्मामीटर पेनासारखा खिशाला लावून हिंडत.

"सत्त्याण्णव! डॉक्टर, ताप उतरला. टांगा उभा आहे, घरी बंब पेटवला आहे."

मी रुग्ण पाहिला. हातपाय गार, श्वास उथळ आणि भरभर, नाडी बोटाखाली जेमतेम लागत होती. रात्रभर लघवी नव्हती.

"ताप उतरलेला नाही, मास्तर. तो टिकवण्याची यांच्या अंगातली शक्ती संपत आली आहे. आज हे अधिक बिघडतील. नेलेत तर वाटेतच जातील."

"म्हणजे ताप असला तरी वाईट, नसला तरी वाईट! मग आम्ही बघायचे तरी काय?"

"माणूस."

कारकुनांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या. थोरल्या दिरासमोर त्या बोलत नसत. त्या भिंतीकडे पाहत मला म्हणाल्या, "सकाळपासून हे मला अहोजाहो करताहेत. 'अहो, जरा पाणी देता का?' म्हणाले."

मास्तर हसले. "चला, आजाराने सभ्यता तरी आली!"

"लग्न झाल्यापासून एकदाही नाही, भाऊजी. हे मला ओळखत नाहीत. टांगा परत पाठवा."

भावजयीचे ते वाक्य मास्तरांना भावाच्या दुखण्यापेक्षा जड गेले. "काही झाले तर जबाबदारी तुझी," असे बजावून ते ओट्यावर जाऊन बसले.

मी सलाईन लावले, पाय चिरून पू काढला, काळे पडलेले बोट कापले. संध्याकाळी रुग्णाचे तळवे उबदार झाले आणि ताप पुन्हा चढला.

"एकशे दोन!" मास्तर ओरडले. "सांगत नव्हतो मी?"

मला त्या दिवसात प्रथमच बरे वाटले. ते का, हे त्यांना समजावण्याच्या भरीस मी पडलो नाही.

कारकून वाचले, लंगडत का होईना, घरी गेले. मास्तर पुढे गावभर सांगत राहिले की डॉक्टरने भावाचे बोट उगाच कापले. ताप तर त्याच सकाळी उतरला होता.