नाकवाल्या अक्का

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळं केदारखेडा गाव तोंडावर अक्का म्हणायचं आणि पाठीमागे नाकवाल्या अक्का. दारात आलेला माणूस चपला काढायच्या आत त्या ओळखायच्या की हा तंबाखू खाऊन आलाय की शेरडांच्या कळपातून आलाय. मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या पेटीतली वरची साडी उचलून नाकाला लावली आणि म्हणाल्या, "लता, तुझ्या माहेरची भिंत ओल धरती." धरत होती, पण ते सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती? मी रुसून त्यांच्याशी बोलणंच टाकलं. अक्कांच्या ते लक्षातही आलं नाही, त्यामुळे शेवटी मलाच बोलावं लागलं.

घरातलं धान्य हा त्यांचा मुलूख. सासूबाईंनी जाताना धान्याच्या खोलीची किल्ली त्यांच्या हाती दिली होती, ती त्यांच्या कमरेवरून कधी उतरली नाही. शाळूची ज्वारी खळ्यावरून घरी आली की अक्का अंगणात चूल मांडायच्या आणि मोठ्या पातेल्यात कडुनिंबाचा पाला, निर्गुडी आणि गवती चहा उकळायला ठेवायच्या. पाणी काळपट होईपर्यंत आटवायचं, रिकामी पोती त्या काढ्यात बुडवून पिळायची आणि ओसरीत सावलीला वाळवायची. उन्हात टाकली तर पाल्याचा जोर उडून जातो, असं त्यांचं म्हणणं. मग पोत्यात ज्वारी आणि मध्ये मध्ये ओव्याच्या पुरचुंड्या. दुकानातून गोळ्या आणू या असं मी एकदा सुचवून पाहिलं. गोळीनं किडा मरतो, बुरशी मरत नाही, आणि जिथं आपण निजतो तिथं जहर कशाला, असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

शेजारच्या बायकाही हेच सगळं करायच्या, तरी श्रावणात त्यांची ज्वारी कुबटायची आणि आमची नाही. खरी मेख पोत्याच्या शिवणीत होती. पोतं हाताला कोरडं लागतं तेव्हाही शिवणीत ओल राहिलेली असते. ती तशीच राहिली तर ज्या काढ्यानं बुरशी अडवायची, त्याच्याच पाण्यावर ती वाढते. अक्का शिवणीला नाक लावायच्या. ओल असेल तोवर हिरवा, कच्चा वास येतो, आणि वाळली की नुसता कडू. तो कडू वास मिळाला की त्या "बराबर हाय" म्हणायच्या, आणि त्यानंतरच पोतं भरायला हात लावायचा. त्यांच्या माहेरी, जाफराबादकडे, त्या लहान असताना बुरशीचा मका खाऊन दावणीची गाभण म्हैस गेली होती. ती कशी पाय झाडत होती ते अक्कांनी मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर उठून गेल्या.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी घरात आम्ही सगळेच तापानं पडलो. आम्ही बाकीचे उठलो, अक्काही उठल्या, पण काहीतरी बिनसलं होतं. एकदा चुलीवर दूध करपून काळं झालं आणि अक्का शेजारीच लसूण सोलत बसलेल्या. मी धावत येऊन पातेलं उतरवलं तर म्हणाल्या की डोळा लागला होता. डोळे चांगले टक्क उघडे होते. दारात येणाऱ्या माणसांना त्या आता वासावरून काही म्हणेनाशा झाल्या. सगळ्यांना वाटलं, आजारानं बाई मवाळ झाली. मला ते मवाळपण खरं वाटेना, पण किल्ली ज्यांच्या कमरेला आहे त्यांना धाकट्या जावेनं काय विचारायचं?

त्याच उन्हाळ्यात अवकाळी पावसानं गाठलं. आभाळ उघडेना, ओसरीतली पोती वाळेनात. अक्का रोज शिवणीला नाक लावायच्या, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. एका दुपारी त्या "बराबर हाय" म्हणाल्या. आवाज जरा घाईचा होता. आम्ही पोती भरली, तोंडं शिवली, खोलीला कुलूप लागलं.

श्रावणात त्यांची लेक सविता बाळंतपणाला घनसावंगीहून आली. आधीच्या खेपेला तिचं पोट पडलं होतं, त्यामुळे घरातलं सगळं तिच्या पोटाकडे बघून चालायचं. तिनं जिना चढू नये, तिनं पाणी भरू नये. नव्या शाळूची भाकरी मात्र तिला आईच्याच हातची हवी होती. अक्कांनी तिच्यासाठी राखलेलं पोतं ओढलं, तोंड उसवलं, मूठभर ज्वारी नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "बराबर हाय. जल्दी निवडून दळायला टाक."

मी सूप पुढे केलं आणि माझे हात थांबले. पोत्यातून कुबट वास येत होता. फार नाही, ओल्या गोधडीला येतो तेवढा. मी अक्कांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आजवर या घरात धान्याच्या बाबतीत त्यांचा शब्द कोणी मोडला नव्हता, आणि तो मोडायचा तर सवितासमोर मोडायला लागणार होता. मी जीभ चावत बसले तेवढ्यात सवितानं लहानपणीच्या सवयीनं सुपातली चिमूट उचलली आणि तोंडाकडे नेली. मी तिच्या हातावर जोरात चापट मारली. दाणे ओसरीभर उडाले.

"माझ्या गरवार लेकीवर हात टाकतीस?" अक्का उठल्याच.

"अक्का, ज्वारी कुबटलीय," मी म्हणाले.

त्या पोत्यावर वाकल्या. कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला. कुबटलेलं धान्य आतून तापतं, तशी ज्वारी ऊबदार लागली असणार, कारण त्यांचा चेहरा उतरत गेला. तळातून काढलेली मूठ त्यांनी उजेडात उघडली. दाण्यांवर हिरवट बुरा होता. सविता घाबरून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती.

"मला वास येत न्हाई, लता," अक्का म्हणाल्या. "ताप आल्ता तवापासून कशाचाच न्हाई. वाटलं, आज येईल, उद्या येईल. शिवणीला नाक लावून रोज वाट बघून राह्यले. शेवटी म्हणलं, इतके दिस झाले, वाळली असतील."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकंच रडूही आलं. कोणाला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? पण कमरेची किल्ली जाईल या धाकानं माणूस काय काय गिळतो, ते मला त्या दिवशी समोर दिसत होतं. सविताच्या तोंडात एखादा दाणा गेला होता का, हे अक्कांनी तिला इतक्या वेळा विचारलं की ती बिचारी शेवटी रडायला लागली. गेला नव्हता.

मग आम्ही एकेक पोतं उसवलं. अक्का मूठ माझ्या नाकाखाली धरायच्या आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. मी मान हलवली की पोतं बाहेर. खराब निघालेलं त्यांनी गुरांनाही घालू दिलं नाही, शेताच्या बांधाला खड्डा खणून पुरायला लावलं. त्या संध्याकाळी त्यांनी किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. मी ती उचलली आणि परत त्यांच्याच कमरेला खोचली. किल्ली तुमची, नाक माझं, असं मी म्हटलं, त्यावर त्या हसल्या नाहीत.

तेव्हापासून ते तसंच चाललं. काढा त्या करायच्या, शिवणी मी हुंगायचे, आणि मी सांगितल्याशिवाय पोतं भरलं जायचं नाही. वास त्यांना पुन्हा कधी आला नाही. मागच्या वर्षी अक्का गेल्या. आता पातेलं मीच चढवते, आणि शिवणीला नाक लावून झालं की अजूनही निकाल सांगायला शेजारी बघते.

पण अक्का म्हटलं की मला आठवते ती सविताच्या बाळंतपणाची सकाळ. मायलेकी सुखरूप होत्या. अक्कांनी नात मांडीवर घेतली, तिच्या टाळूवर नाक ठेवलं आणि डोळे मिटून खूप वेळ तशाच बसल्या. शिवणीला नाक लावून बसायच्या तशाच. मग त्यांनी डोळे उघडले, पोर अलगद उचलून माझ्या नाकाशी आणली आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "सांग."

मी टाळूला नाक लावलं. मी पुन्हा एकदा वास घेतला. दुधाचा होता, तेलाचा होता, आणि खाली आणखी काहीतरी कोवळं होतं, त्याला नाव नव्हतं.

"अक्का," मी म्हणाले, "नव्या शाळूचा हुरडा भाजल्यावर येतो, तसा."

त्यांनी पोरीला परत पोटाशी घेतलं.

"मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या.