जपानी शेगडीसमोर पौर्णिमेचा उपोसथ

वैनगंगेच्या घाटांवर मी लिहिलं, चपराळ्याच्या जंगलावर लिहिलं, कोणत्या आगाराची कोणती एसटी कुठे थांबते यावरही लिहिलं. पण आमची प्रणाली मोहर्लीच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टमध्ये जपानी शेगडीवर काम करते, हे या ब्लॉगवर कधी आलं नाही. वाचकांपैकी दोघातिघांनी विचारलंही होतं, ताडोब्याकडे चांगलं जेवण कुठे मिळतं म्हणून. मी त्यांना चंद्रपूरच्या खानावळींची नावं कळवली.

त्या रिसॉर्टच्या मालकांची एक चांगली पद्धत आहे. कामाला असलेल्यांच्या आईवडिलांना ते वर्षातून एकदा पाहुणे म्हणून बोलावतात. एक रात्र राहायचं, पाहुण्यांसारखं जेवायचं. दोन वर्षं मी काही ना काही कारण सांगत होतो. या वर्षी धान घरात आल्यावर प्रणालीचा फोन आला, "बाबा, शनिवारी या. आता नाई म्हनू नका." मी हो म्हटलं. कॅलेंडर पाहिलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी विहारात दिवा लावताना आमचे वामनभाऊ म्हणाले, "उद्या लवकर या, पौर्णिमा आहे." तेव्हा लक्षात आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पौर्णिमेला आमच्यातले काही जण उपोसथ पाळतात, म्हणजे अष्टशील घेतात. पांढरे कपडे, अत्तर-गाणं नाही, उंच मऊ गादीवर झोपणं नाही, आणि दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत अन्न नाही. माझी अकरा वर्षांत एकही पौर्णिमा चुकलेली नाही. सकाळी विहारात शील घेतलं आणि घरी येऊन पिशवी उचलली. बायको, सुनंदा, दारातच उभी होती. तिला साखरेच्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे ती उपोसथ करत नाही.

"पोरीले सांगतलं का?" तिने विचारलं.

"तिथं गेल्यावर सांगतो."

"म्हंजे नाई सांगतलं."

आमच्या गावाहून आष्टीला यायचं, तिथून चंद्रपूरची एसटी. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा मागे पडतो. पौषातली नदी, पाणी थोडं, वाळू जास्त, आणि त्या थोड्या पाण्यावर धुकं इतकं हलकं तरंगत होतं की पूल आपल्याखाली आहे की नाही असं वाटावं. गोंडपिपरीला गाडी दहा मिनिटं थांबते, चहा तिथेच घ्या. पुढे कोठारी, बल्लारपूर. आष्टी ते चंद्रपूर अडीच तास धरून चाला. बायकांना अर्धं तिकीट आहे, ते सुनंदाने कंडक्टरकडून दोनदा वाजवून घेतलं.

चंद्रपूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. बाकावर बसून आम्ही डबा सोडला. पोळ्या आणि वांग्याची भाजी. मी घड्याळाकडे बघत जेवत होतो. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "आरामात खा ना भाऊ, गाडी नाई चालली." सुनंदा म्हणाली, "यांची गाडी बाराले सुटते." तो बिचारा फलाटावर बारा वाजताची गाडी शोधायला लागला.

दुर्गापूर आणि कोळशाच्या खाणी मागे टाकल्या की रस्ता जंगलात शिरतो. रिसॉर्टची जीप घ्यायला आली होती. स्वतःच्या दुचाकीने येणार असाल तर अंधाराच्या आत पोचा, हे मनापासून सांगतो. सागाची मोठी पानं वाळून रस्त्यावर पडलेली, बांबूची रांजी, म्हणजे बेटं, दोन्ही बाजूंनी वाकलेली. फोनची रेंज गेली. मला वाटलं, झालं, आता फोनवर सांगायची सोयही संपली. खरं तर दिवसभर सोय होती.

प्रणाली फाटकाशी उभी होती. काळा अंगरखा, कमरेला पट्टा, केस कापडात बांधलेले. तिला दोन वर्षांपूर्वी गावच्या थांब्यावर सोडताना मी एक वाक्य बोललो होतो. म्हणालो होतो, "रोज जीव भाजायचं काम काऊन धरलं बाई?" आपलं पहिलं शील जीव न घेण्याचं आहे, ते मनात होतं. तेवढ्यात गाडी सुटली. मी रविवारी कोंबडी चवीने खातो, हे ती तेव्हा मला विचारू शकली असती. विचारलं नाही.

जेवायची वेळ सातची. उघड्या लाकडी ओट्यावर सहा बैठी मेजं, प्रत्येकाच्या मध्यभागी निखाऱ्यांची खोलगट शेगडी आणि वर बारीक जाळी. जमिनीवरच बसायचं, पाय सोडायला मेजाखाली खड्डा केलेला. उंच आसन नाही हे पाहून मला बरं वाटलं, निदान एक शील तरी आपोआप सांभाळलं गेलं. गरम ओले रुमाल आले, सुनंदाने तिच्या रुमालाने आधी मेज पुसून घेतलं.

या प्रकाराला याकिनिकु म्हणतात, म्हणजे भाजलेलं मांस. जपानात बैलाचं असतं, आपल्याकडे ते कायद्याने नाही, म्हणून इथे कोंबडी, बकरा, मासे, झिंगे आणि भाज्या. सगळं कच्चं, पातळ कापून काळ्या दगडी ताटांत येतं आणि जेवणाऱ्याने स्वतः भाजून घ्यायचं. बाहेरच्या माणसाला एका ताटाचे साडेतीन हजार पडतात आणि एक दिवस आधी कळवावं लागतं. शाकाहारी ताट मागितलं तर मिळतं: लाल भोपळा, रताळं, वांगं, अळंबी. सोबत आंबवलेल्या सोयाबीनचं गरम सार. वरोऱ्यापासून इकडे शेतंच्या शेतं सोयाबीनची, पण त्याचं असं सार होतं हे मला पन्नाशीजवळ येऊन कळलं.

बांबूच्या मागून चंद्र वर आला. मोठा, पिवळा, धुरामुळे काठ विरघळलेला. कोळशाचा आवाज येत नव्हता, फक्त अधूनमधून एखादी ठिणगी उठून चंद्राकडे जात होती आणि मधेच विसरल्यासारखी विझत होती. कुठेतरी चितळ ओरडलं. मी उपाशी होतो म्हणून असेल, पण सगळं फार जवळ आणि फार लांब वाटत होतं. मी इथे बसलोय आणि हे सगळं मला कुणीतरी सांगतंय, असं.

प्रणाली आमच्या मेजाशी गुडघे टेकून बसली. तिने चिमट्याने कोंबडीचा पहिला तुकडा जाळीवर ठेवला, परतला, सोयाबीनच्या खारट रसात बुडवला आणि माझ्यासमोरच्या वाटीत ठेवला. मागे तिचे शेफ उभे होते, दार्जिलिंगकडचे, साठीचे, हात मागे बांधून. तिने त्यांना सांगून ठेवलं असणार की आज पहिला घास बाबांचा.

"घ्या बाबा."

"बाई, आज पौर्णिमा आहे."

तिने वर पाहिलं. चंद्र समोरच होता. "तं?"

"सकाळी शील घेतलं मी."

सुनंदा म्हणाली, "मी म्हनत होती, सांगा सांगा. कालपासून म्हनून राह्यली."

"मले मालूम आहे," प्रणाली हळू आवाजात म्हणाली, बाजूच्या मेजावर ऐकू जाऊ नये म्हणून. "तुमाले माह्यं कामच पटत नाई. पौर्णिमा नसती तं दुसरं काईतरी निघालं असतं."

"तसं नाई."

"मंग फोनवर काऊन नाई सांगतलं? मी रविवार घेतला असता."

मी तेव्हाही स्वतःला विचारलं आणि आज लिहितानाही विचारतो आहे: मी कॅलेंडर पाहायला विसरलो, की पाहायचं टाळलं? पौर्णिमा हे मला सोयीचं तर नव्हतं? धर्माच्या आड लपायला जागा पुष्कळ असते, आणि लपलेल्याला ती दिसत नाही.

शेफ पुढे आले. "क्या हुआ, बेटा?"

"पापा का उपवास है."

त्यांनी माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तो चाय पिलाओ. बिना दूध की चलेगी ना, साहब?"

चालते. हिरवट, गवतासारख्या वासाचा चहा आला. मी दोन घोट घेतले. माझ्या वाटीतला तुकडा थंड होत होता. तो मी सुनंदाच्या वाटीत ठेवला आणि चिमटा हातात घेतला.

"मले शिकव," मी म्हणालो.

"तुमी कशाले?"

"तुह्या आईले वाढतो. मले खाता येत नाई, भाजता तं येईन."

मग तिने ताट माझ्याकडे सरकवलं. मी एक तुकडा ठेवला आणि चिमट्याने दाबला.

"दाबू नका. रस जाते."

मी उचलला.

"उचलू नका! राहू द्या तिथं. कडेनं पांढरं दिसलं का पलटवा. एकदाच."

"आनि तुले कसं समजते आतून शिजलं म्हनून?"

"आवाज बदलते," ती म्हणाली. "आयका."

मी कान लावला. खरंच बदलतो. आधी ओला, चरचरता असतो, मग बारीक होत जातो. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. शील पाळणाऱ्यालाही नाक असतं. पण एक गोष्ट मला त्या शेगडीपाशी दिसली. प्रणाली एकही तुकडा इकडचा तिकडे वाया जाऊ देत नव्हती. एक झिंगा जाळीतून निखाऱ्यात पडला तेव्हा तिचा चेहरा असा झाला, जसा माझ्या आईचा सांडलेल्या भातापाशी व्हायचा. पडलेला झिंगा तिने काढून बाजूला ठेवला आणि क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

सुनंदाने भोपळा खाल्ला, बकरा खाल्ला, जेवायच्या जपानी काड्या बाजूला ठेवून हाताने खाल्लं. "पोरीपेक्षा बापच बरा भाजते," ती म्हणाली. प्रणालीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. माझ्या सदऱ्यावर चरबीचा एक मोठा थेंब उडाला. जाताना ती मला एवढंच म्हणाली, "गादी उंच आहे. चटई पाठवते."

चटईवर मला छान झोप लागली. वर अर्धी रिकामी गादी आणि तिच्या कडेला सुनंदा, "एवढ्या मऊ जाग्यावर एकटीले झोप कशी यीन" म्हणत आडवी झाली आणि घोरायला लागली.

पहाटे मी वंदना म्हटली आणि बाहेर आलो. धुक्यात साग उभे होते आणि प्रत्येक पानावरून पाणी ठिबकत होतं. पूर्वेकडे नुसता दुधी उजेड. ओट्यावर प्रणाली एकटीच शेगडीतली राख चाळत होती. मी पायरीवर बसलो. मी आभाळ पाहत होतो आणि ती आभाळ पाहणाऱ्या मला. सूर्य बांबूच्या वर यायला बराच वेळ घेतो तिथे. आला तेव्हा धुकं आतून पेटल्यासारखं झालं.

तिने जाळीवर भाताचा तिकोनी गोळा ठेवला होता. आपल्याकडे भात असा चिकटला तर शिजवणारणीचं काही खरं नसतं, इथे तो चिकटावा म्हणून वेगळा तांदूळ आणतात. "हे घ्या," ती म्हणाली. "साधा भात आहे. याच्यात काई नाई."

मी पाहत राहिलो. तिने माझ्यासाठी सोयीचं, निर्दोष काहीतरी शोधून ठेवलं होतं. मी ते घेतलं असतं तर दोघांचंही निभावलं असतं.

"काल माह्या वाटीत ठेवलं होतं ते पाहिजे," मी म्हणालो. "कोंबडी."

"सकारी सकारी?"

"पहिला घास माहा होता ना?"

ती आत गेली आणि ताट घेऊन आली. शेफ दारात येऊन उभे राहिले होते. तिने तुकडा ठेवला. आवाज बदलेपर्यंत आम्ही दोघांनी ऐकलं. मी हात जोडले, ज्या जिवाचं ते होतं त्याची मनात क्षमा मागितली, आणि खाल्लं. बाहेरून कोळशाचा वास, आत रसाळ, आल्याचा हलका तिखटपणा. मी सावकाश चावलं.

"कसं लागलं?"

"मीठ थोडं कमी आहे."

शेफ मोठ्याने हसले. प्रणाली म्हणाली, "रसात बुडवायचं राह्यलं, मी विसरली," आणि अंगरख्याच्या बाहीने डोळे पुसले. धूर होताच. मी आणखी पाच तुकडे खाल्ले आणि भाताचा गोळाही.

परतीची गाडी आम्हाला आष्टीला साडेचारच्या सुमाराला सोडून गेली. पहिल्या शीलाचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. वामनभाऊंशी त्यावर बोललो, ते म्हणाले, विचार करत राहा. करतो आहे. पुढच्या पौर्णिमेचा उपोसथही नेहमीसारखा झाला. कुणी विचारलं तर आता त्या ओट्याचा पत्ता सांगतो, आणि पौर्णिमेला जायचं असेल तर आधी फोन करून पोरीला खरं सांगा, असंही सांगतो.

दर रविवारी तिचा फोन येतो. पूर्वी मी "बरी आहे का" एवढं विचारून फोन सुनंदाच्या हातात द्यायचो. आता मी विचारतो, आज काय काय भाजलं? ती सांगायला लागते: सकाळी इतकं आलं, अमुक पाहुण्याने अमुक जाळलं, वांगं कसं आतून लोण्यासारखं झालं. सुनंदा हात पुढे करून उभी असते. मी तिला थांब म्हणतो, अजून पोरीचं सांगून व्हायचं आहे.